सोलापूरहून केनियाला दोन वर्षांच्या मिशनसाठी जायचंय, तयारी कुठून सुरू करू?

सगळ्यात आधी तिकडच्या मंडळीकडून (म्हणजे चर्चकडून) वर्क परमिटचं काम सुरू करून घ्या, तिकीट नंतर. मी आमच्या चर्चच्या मिशन कमिटीत कागदपत्रं बघतो, त्यामुळे सांगतो, टुरिस्ट म्हणून जाऊन तिथं सेवा करायची हा विचारच नको, धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी केनियाचं वेगळं ‘क्लास आय’ परमिट असतं आणि त्यासाठी तिकडची रजिस्टर्ड संस्था लागते. वेळ जातो त्यात, म्हणून पासपोर्ट आणि पोलीस क्लिअरन्स आत्ताच काढून ठेवा.

दुसरं, यलो फीवरची लस. ही कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य सेंटरलाच मिळते, आणि सर्टिफिकेट लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. ते नसलं तर भारतात परत येताना ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. वय ६० च्या पुढे असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र आधी डॉक्टरशी बोला.

बाकी:
- स्वाहिली आजपासून शिका, निदान रोजचं बोलणं. इंग्रजीवर शहरात भागतं पण खेडेगावात घरोघरी जाऊन प्रार्थना करायची तर लोकांची भाषाच पाहिजे, मला तरी हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं
- स्वेटर घ्या, नैरोबी १,७०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, जून-जुलैत आपल्या सोलापूरच्या माणसाला चांगलंच गारठायला होतं
- घरच्यांचा खर्च कोण बघणार हे मंडळीकडून लेखी घ्या