उत्तर : विद्यार्थी केंद्रात आधी कुठल्या दाराशी जायचं?

प्रश्न थोडक्यात असा : पहिलं वर्ष. तीन आठवडे तापाने अंथरुणात. अंतर्गत परीक्षा बुडाली, शुल्काचा दुसरा हप्ता थकला, आता झोपही उडाली आहे. विद्यापीठाच्या विद्यार्थी केंद्रात समुपदेशन, शिष्यवृत्ती, दिव्यांग कक्ष, शैक्षणिक सल्लागार अशा सात-आठ पाट्या. कुठे शिरायचं, आणि याची नोंद पुढे नोकरीच्या आड येईल का?

वय पाहता सरळ 'तू' म्हणते, राग मानू नकोस. अशाच एका केंद्राच्या चौकशी खिडकीमागे मी अकरा वर्षं बसले आहे.

आधी शैक्षणिक सल्लागार, तेही उद्याच. तुझ्या बाकीच्या अडचणी आठवडाभर थांबतील, बुडालेल्या परीक्षेच्या अर्जाची मुदत थांबणार नाही. ती बहुतेक ठिकाणी मोजक्या दिवसांची असते आणि नियमपुस्तिकेत कुठेतरी आत दडलेली असते.

एकदा एक मुलगा दवाखान्याची जाडजूड फाइल घेऊन आला. रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, सगळं खरं आणि पुरेसं. मुदत चार दिवसांपूर्वी संपलेली. मी विचारलं, "एखादा मेल तरी टाकला होतास का रे?" त्याने फोन पुढे केला. ड्राफ्टमध्ये एकोणीस दिवस जुना मेल. 'आपल्याला त्रास देत आहे याबद्दल क्षमस्व' इथून सुरुवात, मग पानभर आजारपण, शेवटचं वाक्य अर्धवट. नीट लिहून झालं की पाठवू म्हणून तो थांबला होता. समितीने अर्ज घेतला नाही.

तुझा मेल तीन ओळींचा असू दे : मी अमुक, माझा नोंदणी क्रमांक अमुक. आजारपणामुळे अमुक तारखेची परीक्षा देता आली नाही, वैद्यकीय कागद सोबत जोडले आहेत. फेरपरीक्षेसाठी अर्ज कुठे आणि कधीपर्यंत करायचा ते कळवावे. बस. क्षमा वगैरे काही नको, तू गुन्हा केलेला नाहीस. मुदत उलटली असली तरी हाच मेल पाठव, फक्त उशीर का झाला याची एक ओळ वाढव. कागद हातोहात दिलास तर आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घे.

मेडिकल सर्टिफिकेट नुसतं 'विश्रांतीची गरज आहे' असं असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही. 'अमुक ते अमुक तारखेपर्यंत परीक्षेस बसण्यास असमर्थ' असं हवं, आणि परीक्षेचा दिवस त्या तारखांमध्ये बसायला हवा. मागितलं की डॉक्टर लिहून देतात. आजाराचं नाव पुष्कळदा लागतही नाही.

दिव्यांग कक्षाची पाटी वाचून 'हे आपल्यासाठी नाही' म्हणत पुढे जाऊ नकोस. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने १९४८ साली अशी सेवा सुरू केली ती युद्धातून व्हीलचेअरवर परतलेल्या सैनिकांसाठी. टिमथी न्यूजंट हे त्यामागचे गृहस्थ. तेव्हा मुख्य प्रश्न पायऱ्या आणि दारांचा होता. आता या कक्षांकडे बाहेरून न दिसणारे त्रासही येतात : अर्धशिशी, चिंताविकार, लांबलेलं आजारपण. मोडलेल्या हातासारख्या तात्पुरत्या अडचणीतही लेखनिक किंवा जादा वेळ देणारी केंद्रं आहेत. जादा वेळ कुठे तासाला वीस मिनिटं, कुठे एकूण वेळेचा चौथा हिस्सा. पण ही सवलत मागच्या पेपरला सहसा लागू होत नाही. तुझा अशक्तपणा अजून गेला नसेल तर पुढच्या परीक्षेआधीच विचारून ये.

शुल्काचं काम तुलनेने सोपं. दंड लागायच्या आत गेलास तर लेखा विभाग बहुधा हप्ते पाडून देतो. आपत्कालीन निधी असेल तर तो लहान आणि एकदाच मिळणारा असतो. अर्जात दवाखान्याचा खर्च आकड्यांत लिही, 'परिस्थिती बिकट' एवढ्यावर भागत नाही. मात्र शिष्यवृत्ती असेल तर सावध. हजेरी किंवा गुणांची अट असली की बुडालेली परीक्षा थेट तिच्यावर जाते. त्या खिडकीवर हे स्वतःहून सांग.

आता नोंदीचं. समुपदेशकाच्या टिपणांचा गुणपत्रिकेशी संबंध नसतो. गोपनीयतेला अपवाद असतात : तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, असे. पहिल्याच भेटीत 'काय कुणाला सांगाल?' असं विचार. चांगला समुपदेशक याचं वाईट वाटून घेत नाही. खरी गळती दुसरीकडून होते. घाईघाईत पूर्ण रिपोर्ट विभागाच्या कारकुनाकडे देतात, मग तो चार टेबलांवरून फिरतो. केंद्राला कागद तपासून विभागाला पत्र देण्याची सोय असेल तर तीच वापर. त्या पत्रात 'कारण ग्राह्य' एवढंच जातं.

झोपेसाठी समुपदेशनाची वेळ आजच मागून ठेव. तारीख लांबची मिळाली तर कुणाची वेळ रद्द झाल्यास कळवा म्हणून नाव लिहून ये. परीक्षेच्या दिवसांत अशा जागा रोज सुटतात. स्वतःला इजा करण्याचे विचार मनात येत असतील तर मात्र तारखेची वाट बघू नकोस. खिडकीवर तेवढंच सांग किंवा तातडीच्या मदतीच्या नंबरवर फोन कर. रांग सोडून आत घेतात.

आणि चुकीच्या दारात शिरलास तर 'तिकडे जा' ऐकून लगेच निघू नकोस. कुणाला भेटायचं ते नाव विचार, जमल्यास त्यांनाच फोन लावायला सांग. मी दिवसातून वीसदा लावायचे.