अँक्झायटी म्हणजे चिंता की घालमेल?

प्रश्न असा: ‘अँक्झायटी’ या शब्दाचं मूळ काय, आणि मराठीत सरसकट ‘चिंता’ म्हटलं तर चालेल का?

मूळ गळ्याशी आहे. लॅटिनमध्ये ‘अंगेरे’ म्हणजे आवळणं, गळा दाबणं. त्यावरून ‘अँक्झिएतास’, आणि तिथून सोळाव्या शतकात इंग्रजीत अँक्झायटी. छाती आवळणारा अँजायना आणि जर्मन ‘आंग्स्ट’ (भीती) हेही याच कुळातले. या कुळाची एक शाखा आपल्याकडेही होती: ऋग्वेदातला ‘अंहस्’, म्हणजे कोंडी, संकट, पुढे अर्थ झाला पाप. ‘अंहु’ म्हणजे अरुंद, त्याच्या उलट ‘उरु’, ऐसपैस.

‘चिंता’ वेगळ्या घरची. धातू चिन्त्, विचार करणे. चिंतन तिचं सख्खं भावंड. अरबीतून आलेली ‘फिकीर’सुद्धा मुळात विचारच. (चिता आणि चिंता यांत एका अनुस्वाराचा फरक, हे सुभाषित झकास आहे, पण ती व्युत्पत्ती नव्हे. चिता ‘चि’ म्हणजे रचणे यावरून.)

म्हणून मुलीच्या फीची ‘चिंता’ बरोबर, कारण तिथे विषय ठरलेला आहे. पण कारण सांगता येत नाही, घशाला कोरड पडते, तळहात घामेजतात, तेव्हा ‘घालमेल’ किंवा ‘जीव घाबरा होणे’ जास्त नेमकं. निकालाच्या आदल्या रात्रीची ती ‘धाकधूक’. ‘काळजी’ला क्रियापद बघावं लागतं: काळजी घेणे म्हणजे जपणे, काळजी लागणे म्हणजे घोर. त्यामुळे आजाराचं नाव म्हणून ती चालत नाही. तिथे ‘चिंताविकार’ रुळलाय, तो राहू द्यावा.

आणखी एक बारकावा रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने इ.स.पू. ४५च्या सुमारास नोंदवला होता: ‘अंगोर’ म्हणजे तेवढ्यापुरती तगमग, ‘अँक्झिएतास’ म्हणजे तसा स्वभावच. कधीतरी तगमग होणारा प्रत्येक जण त्या स्वभावाचा नसतो. आज परीक्षेआधी पोटात गोळा आला तरी लोक ‘मला अँक्झायटी आहे’ म्हणतात. तिथे ‘धाकधूक होतेय’ पुरेसं आहे.

भाषांतरात हमखास चुकतं ते ‘अँक्शस टू मीट यू’. ‘तुम्हाला भेटण्यास चिंतित’ नव्हे. इथे अर्थ आतुर; साध्या मराठीत, ‘कधी एकदा भेटतोय असं झालंय’.