आई परभणीजवळच्या गावात एकटी राहते. ती घरात पडली तर मला पुण्यात कळेल असं काही यंत्र आहे का?

आहे, पण दाबलं की फोन लावणाऱ्या, गळ्यात घालायच्या बटणावर विसंबू नका. म्हातारी माणसं ते खुंटीला अडकवून न्हाणीत जातात, आणि घसरतात नेमकी तिथंच. तसंच वॉटरप्रूफ एसओएस (मदतीला बोलावणारं) बटण न्हाणीच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर बसवा. पडलेल्या माणसाचा हात वर पोचत नाही. ते सिमकार्डवर चालणारं घ्या. वायफायवरचं असलं तर लाइट गेली की तेही गेलं, अन् आपल्याकडं लाइटीचा भरवसा तुम्हाला ठाऊकच आहे.

हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर अंगाच्या उष्णतेवर चालतो. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं गेला, पत्र्याची खोली तापली, की माणूस आणि भिंत वेगळी ओळखणं त्याला जड जातं. त्यापेक्षा दाराचा चुंबकी सेन्सर बरा: सकाळी ठरल्या वेळेपर्यंत दार उघडलं नाही की मेसेज. त्याला वायफायचा राउटर लागतो, म्हणून राउटरला छोटा यूपीएस जोडा, म्हणजे लाइट गेली तरी तो बॅटरीवर चालेल. कॅमेरा? आईला विचारा; मी तरी लावणार नाही.

बटणाचा पहिला फोन मात्र घराची किल्ली असलेल्या शेजाऱ्याला जाऊ द्या, दुसरा तुम्हाला. १०८ ची गाडी आली तरी दार आतून लॉक असेल तर ते उघडणार कोण? न्हाणीची कडी आजच काढून टाका.