खिडकीतला नायक

प्रश्न : नट राजा गोसावी स्वतःच्याच सिनेमाची तिकिटं विकायचे, असं आमचे आजोबा सांगतात. गोसावी आमच्या खटाव तालुक्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचे, म्हणून आजोबा थोडं तिखटमीठ लावत असतील का?
(एक वाचक, वडूज)

उत्तर : आजोबांना माझा नमस्कार सांगा. चिमूटभरही मीठ लावलेलं नाही. १९५२ साली ‘लाखाची गोष्ट’ पुण्यात भानुविलासला लागला, तेव्हा गोसावी त्याच थिएटरात बुकिंग क्लार्क होते. आत पडद्यावर राजा परांजप्यांच्या जोडीनं लाख रुपये उडवायच्या खटपटीत, आणि बाहेर खिडकीत चिल्लर मोजत बसलेले!

लोक हा किस्सा ‘बिच्चारे’ म्हणत सांगतात, ते मला पटत नाही. मी स्वतः बावीस वर्षं नाटकाच्या खिडकीत काढली, खुर्च्यांच्या प्लॅनवर लाल-निळ्या पेन्सिलीनं फुल्या मारत. खिडकीतून माणसाचं तोंड धड दिसत नाही, दिसतो तो हात. नवीन लग्न झालेला नोट पटकन सरकवतो. चार पोरांचा बाप तीच नोट दोनदा चाचपतो आणि मग विचारतो, “मागचं काही आहे का?” गोसावींनी पडद्यावर रंगवलेला पांढरपेशा, खिसा हलका असलेला माणूस मला त्या दुसऱ्या हाताचा वाटतो. खिडकीत बसण्याआधी गोसावींचं मास्टर विनायकांच्या सिनेमा कंपनीत ऑफिसबॉयपासून सुतारकाम, मेकअप, लाइट सगळं करून झालं होतं. नट दामुअण्णा मालवणकरांकडे प्रॉम्प्टिंगही केलं, म्हणजे विंगेतून नटांना वाक्यं पुरवली. नाटकात पहिलं काम मिळालं तेही ‘भावबंधन’मधल्या रखवालदाराचं.

प्रश्न : एवढा चाललेला नायक पुढे सिनेमात मागे का पडला?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : वारं फिरलं. १९५९ ला ‘सांगत्ये ऐका’ हा तमाशापट आला आणि पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे मुक्काम ठोकून बसला. मग निर्मात्यांना ढोलकी हवी झाली. नोकरी शोधत फिरणाऱ्या पुणेरी तरुणाला फडावर काय काम? तरी १९६० च्या ‘अवघाची संसार’सारखे सिनेमे होतेच. पण माझ्या मते त्यांचं खरं घर रंगमंच. ‘लग्नाची बेडी’त मी त्यांना पाहिलं ते मागच्या भिंतीला टेकून, कारण हाउसफुल्लचा बोर्ड मीच लावला होता. हशा पिकला की ते गप्प उभे राहायचे. हशा ओसरत आला, पण पुरता विरला नाही, अशा नेमक्या क्षणी पुढचं वाक्य टाकायचे. एक शब्द वाया जायचा नाही. हल्लीची काही मंडळी हशाच्या डोक्यावरूनच बोलत सुटतात. असो, नावं घेत नाही, पास बंद होतील.

प्रश्न : खिडकीत असताना तुमच्याकडे फुकट पास कोण कोण मागायचं?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : कोण मागायचं नाही ते विचारा, यादी एका ओळीत बसेल.