कुरडयांचा चीक, चांदोबाचा लिंब आणि मोडीतली रोजकीर्द

तुम्ही विचारलंय, सरलेल्या वर्षात घरच्या माणसांबरोबरचे सगळ्यात आवडते क्षण कोणते, आणि या वर्षात तुम्हाला स्वतःला नवं काय सापडलं. माझं २०२५ चं उत्तर एकाच माणसाभोवती फिरतं, माझ्या सासूबाईंभोवती. त्यांना मी आईच म्हणते. वय ७६. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. घरात आम्ही दोघं, नववीतली लेक आणि आई. घर जुनं आहे, वर पत्र्याचा माळा. त्या माळ्याचं पुढे काम आहे म्हणून आधीच सांगते.

सुरुवात मे महिन्यापासून करते. त्याआधीच्या चार महिन्यांतलं मार्चअखेरच्या कामाशिवाय फारसं काही आठवत नाही.

दरवर्षी मे महिन्यात आमच्याकडे कुरडया होतात. पाच किलो गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळत ठेवायचा. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून दिलं की खाली पांढराशुभ्र, घट्ट चीक राहतो. यंदा गहू भिजले आणि पाऊस आला. वळीव येऊन गेला असं नाही, ठाण मांडूनच बसला. मोसमी पाऊस एरवी मुंबईत ११ जूनच्या सुमारास पोहोचतो, तो यंदा २६ मे रोजीच आला. आणि त्याआधीचे कितीतरी दिवस आमच्याकडेही ऊन असं पडलंच नाही. भिजलेले गहू काही आपल्यासाठी थांबत नाहीत, आंबून जातात. मी म्हटलं, देऊन टाकू गाईला. आई म्हणाल्या, "चीक तर शिजवू. वाळवायचं उद्या बघू."

उकळत्या पाण्यात मीठ घालून चीक ओतायला लागलं की हात थांबता कामा नये. आई ओततात, मी घाटते. आधी तो दुधासारखा असतो, मग दाटतो, मग एकदम जड होतो आणि पळी दोन्ही हातांनी धरावी लागते. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली, ओलं बोट लावल्यावर चिकटेनासा झाला, की शिजला. ओट्यापाशी वाळवणाची भांडी पसरलेली, म्हणून त्या दिवशी मी नेहमीच्या जागी उभी न राहता आईंच्या डाव्या हाताला उभी होते. पातेलं खदखदत होतं, पत्र्यावर पाऊस वाजत होता, तरी माझं प्रत्येक वाक्य त्यांना पहिल्याच खेपेला कळत होतं. मला आधी नवल वाटलं. मग मी मुद्दाम उजवीकडे गेले आणि हळूच विचारलं, "मीठ बरोबर आहे का?" उत्तर नाही. डावीकडे येऊन तेच विचारलं, तर लगेच, "अजून चिमूटभर घाल."

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. उजव्या कानाने त्यांना फारच कमी ऐकू येतं, आणि हे बऱ्याच वर्षांपासूनचं असावं, असं डॉक्टर म्हणाले. लग्न होऊन मला १७ वर्षं झाली. जेवायला मी कायम त्यांच्या उजव्या बाजूला बसत आले. मी काही बोलावं आणि त्यांनी दखलही घेऊ नये, असं कितीदा झालं असेल आणि ते मी किती मनाला लावून घेतलं असेल, याची गणती नाही. तुम्ही विचारलंत काय सापडलं, तर पहिलं हे. आता मी डावीकडे बसते.

चीक मात्र त्या दिवशी आम्ही वाट्या भरभरून खाल्ला. लेकीने दूध-साखर घालून, ह्यांनी आणि मी तेल-तिखट घालून. आईंनी नुसताच, गरम, बोटाने. उरलेल्या चिकाच्या कुरडया हॉलमध्ये जुन्या साडीवर घातल्या आणि चार दिवस पंखा फुल्ल ठेवला. निम्म्यांना बुरशी आली. ज्या वाचल्या त्या गणपतीत तळल्या, आणि तेलात पडल्याबरोबर अशा फुलल्या की लेक टाळ्या पिटायला लागली.

त्याच पावसात माळा गळला. ह्यांनी आणि दिरांनी वरचं सगळं सामान खाली उतरवलं, त्यात आजेसासऱ्यांची पत्र्याची ट्रंक निघाली. आत लाल कापडाच्या रुमालात बांधलेले कागद आणि चार लांबट चोपड्या. सगळं मोडी लिपीत. घरात कुणालाच एक अक्षर लागेना. दीर म्हणाले, कोरडं करून परत बांधून ठेवू. ठेवलंही तसंच.

जूनमध्ये वारी आली. आमचं मूळ गाव लोणंदजवळचं, माउलींच्या पालखीच्या वाटेवर. नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान होतं, पालखी सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते आणि पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब इथे सोहळ्यातलं पहिलं उभं रिंगण होतं. आई १९६८ साली त्या गावात लग्न होऊन आल्या आणि १९८६ साली घरातल्या सगळ्यांचं बस्तान साताऱ्याला हललं. मी गृहीत धरून चालले होते की रिंगण त्यांनी पोटभर पाहिलेलं असणार. सहज म्हटलं, "आई, तुम्ही तर दरवर्षी बघत असाल." त्या म्हणाल्या, "मी कुठली बघतेय? दिंडी जेवायला असायची ना आपल्याकडे. भाकरी कोण थापणार?"

म्हणजे अठरा वर्षं, चार-पाच किलोमीटरवर रिंगण, आणि ही बाई चुलीपुढे.

त्याच रात्री ठरवलं, यंदा न्यायचंच. आईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे, फार वेळ उभं राहवत नाही. म्हणून प्लास्टिकचं स्टूल, पाण्याच्या बाटल्या आणि दशम्या घेऊन पहाटेच निघालो. गाडी बरीच अलीकडे सोडावी लागली. उरलेली वाट आई कधी लेकीच्या, कधी माझ्या खांद्यावर हात ठेवून चालल्या. वाटेत एका दिंडीतल्या म्हाताऱ्या माउलींनी त्यांना थांबवून पाया पडून घेतलं, आईही त्यांच्या पाया पडल्या, आणि दोघी काही न बोलता पुढे झाल्या.

रिंगण न पाहिलेल्यांसाठी सांगते. उभ्या रिंगणात गोल नसतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना दिंड्या उभ्या राहतात, पताका, टाळकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, आणि मधोमध वाट मोकळी ठेवतात. त्या वाटेने दोन अश्व दौडत येतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण त्यावर माउली बसलेले आहेत अशी श्रद्धा. हे अश्व बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात, आळंदीपर्यंत चालत. तासन्‌तास वाट पाहायची आणि प्रत्यक्ष दौड डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपते.

आई स्टुलावर बसायला तयार नव्हत्या. "माउलींसमोर बसू कशी?" म्हणाल्या. टाळ अचानक चढले, लोक पुढे सरकले, आणि आमच्यापासून हातभर अंतरावरून तो मोकळ्या पाठीचा घोडा गेला. मला त्याच्या तोंडाचा फेस दिसला, मानेवरचे ओले केस दिसले. आईंनी हात जोडले नाहीत. त्या नुसत्या बघत राहिल्या, तोंड किंचित उघडं, लहान मुलीसारखं. अश्व गेल्यावर लोक टापांखालची माती कपाळाला लावायला वाकले. आईंना गुडघ्यांमुळे वाकता येईना. लेकीने मूठभर माती उचलून आणली, आजीच्या कपाळाला लावली, आणि उरलेली आजीने रुमालात बांधून घेतली. ती पुरचुंडी आज देव्हाऱ्यात आहे.

परतीच्या वाटेवर दशम्या खाल्ल्या. आई तासभर गप्प होत्या, मग वाठारच्या अलीकडे एकच वाक्य बोलल्या : "घोडा केवढा मोठा असतो गं." वर्षभरातला एकच क्षण निवडा म्हणालात, तर हाच निवडीन.

सप्टेंबरात एका मधल्या वारी रजा टाकून कासला गेलो. साताऱ्यात राहून कासला न जाणारे आमच्यासारखे खूप आहेत. निळीजांभळी सीतेची आसवं मी लांबून बऱ्याचदा पाहिली होती. ती वनस्पती कीटकभक्षी आहे, मातीखाली तिच्या बारीक पिशव्या असतात आणि त्यांत ती सूक्ष्म जीव पकडते, हे तिथल्या वाटाड्याने गुडघ्यावर बसून दाखवलं तेव्हा कळलं. त्याहून जास्त मात्र मला त्या दिवसातले आमचे हे आठवतात. दिवसभर त्यांनी एकदाही फोन खिशातून काढला नाही.

आता मोडी. ऑक्टोबरमध्ये इथे दहा दिवसांचा मोडी वर्ग आहे असं कळलं. रोज संध्याकाळी दोन तास. लेक म्हणाली, तू येणार असशील तर मी येते. शिकवणारे सर निवृत्त शिक्षक. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, देवनागरीत आपण अक्षरं काढून वर रेघ देतो, मोडीत आधी पानभर रेघ मारायची आणि मग अक्षरं तिला टांगायची. हात उचलायचा नाही, एका अक्षराची शेपटी पुढच्यात घालवायची. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, इकार एकच, उकार एकच. हे ऐकून लेकीचा चेहरा असा खुलला की शुद्धलेखनाचे सगळे गुण त्याच क्षणी परत मिळाल्यासारखे. तिचा हात माझ्यापेक्षा लवकर बसला. मला अजून सलग वाचता येत नाही, अक्षर-अक्षर लावावं लागतं.

दिवाळी झाल्यावर ट्रंक पुन्हा उघडली. चोपड्या म्हणजे रोजकीर्दी, रोजच्या जमाखर्चाच्या वह्या निघाल्या, शके १८६८ पासूनच्या, म्हणजे १९४६-४७ पासूनच्या. माझ्या रोजच्या कामातलीच गोष्ट, म्हणून बहुधा मी इतकी रमले. पूर्णांकापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. पहिली ओळ लागायला मला आणि लेकीला मिळून पाऊण तास लागला, आणि ती होती : मीठ, घासलेट, काड्याची पेटी. आम्ही दोघी आनंदाने ओरडलो. हे स्वयंपाकघरातून धावत आले, त्यांना वाटलं खजिन्याचा नकाशा सापडला.

मग रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास तेच चालायचं. सुतळी, बैलाचा नाल, वैद्याचं औषध, कुणाला तरी उसने दिलेले पाच रुपये. घरात आजेसासऱ्यांची ख्याती हात आखडता असणाऱ्यांतली. दिडकी सुटायची नाही म्हणतात. आणि डिसेंबरच्या एका रात्री लेकीने आषाढ शुद्धातली एक नोंद लावली. पालखीच्या दिंडीला जेवण, ४० असामी. हरभऱ्याची डाळ, ज्वारी, गूळ, तेल, सगळं पायली-शेरांच्या मापाने लिहिलेलं. तिने दोनदा वाचलं, मी एकदा तपासलं. बरोबर होतं. पुढच्या वर्षीच्या चोपडीतही तीच नोंद, तेव्हा ५५ असामी.

ह्यांना भरून आलं. ज्या आजोबांबद्दल लहानपणापासून चिक्कू म्हणून ऐकलं, ते हे. दिरांना फोन केला, त्यांनी तो स्पीकरवर टाकून जाऊबाईंना ऐकवला. आई आपल्या जागी बसून ऐकत होत्या. मी डावीकडेच होते. त्यांनी विचारलं, "भाकरी कुणी थापल्या ते लिहिलंय का?"

आम्ही पुन्हा पाहिलं. पान उलटून मागे पाहिलं, दुसऱ्या चोपडीत पाहिलं. डाळ होती, ज्वारी होती, सरपणाचे आठ आणेसुद्धा होते. भाकरी थापणारं कुणी नव्हतं.

लेकीने तिची मोडी सरावाची वही काढली. नवं पान घेतलं, वर कडेपासून कडेपर्यंत रेघ मारली आणि आजीला म्हणाली, सांग. आई सांगू लागल्या. त्यांच्या सासूबाई. थोरल्या चुलतसासूबाई, ज्या एका हाताने भाकरी फिरवायच्या. बालविधवा आत्याबाई, ज्यांना पंगतीत वाढू देत नसत, पण पीठ मात्र त्यांनीच मळायचं. शेजारच्या शिंपीणकाकू, आपली परात घेऊन यायच्या. मधल्या जाऊबाई, ज्या एका वर्षी दिवस भरलेले असतानाही बसल्या होत्या चुलीपुढे. लेक सावकाश लिहीत होती, अडलं की माझ्याकडे बघत होती, मी तक्त्यात शोधून अक्षर दाखवत होते. अकरा बायका झाल्या.

मग तिने विचारलं, "आजी, तुझं लिहू?"

"लिही," आई म्हणाल्या. "अडुसष्ट ते शहाऐंशी. आणि पहिली तीन वर्षं पीठ जात्यावरचं होतं, तेही लिही."