दाण्याचं कूट सोडलं, तरी फोड आलेच

"ताई, त्या गोळ्या किती वर्षं खायच्या? आयुर्वेदात किंवा होमिओपॅथीत हे मुळापासून जाईल असं काहीच नाही का?"

हा प्रश्न वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारात राहणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या एका शिक्षिकेचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वर्षभरापूर्वी फोडातल्या स्रावाची पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी झाली आणि जननेंद्रियाचा हर्पिस, म्हणजे एचएसव्ही-२ या विषाणूमुळे तिथे पुन्हापुन्हा फोड येण्याचा आजार, असं निदान झालं. त्यानंतर तीनदा फोड उठले. मधल्या काळात त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या कपाटात ठेवून दिल्या होत्या. सोबत आणलेल्या पिशवीत लायसिन या प्रथिनघटकाच्या कॅप्सूल, ॲपल सायडर व्हिनेगर, तुरटी, गुळवेलीचा काढा, होमिओपॅथीच्या गोळ्या आणि केमिस्टने 'खाजेसाठी' दिलेली एक ट्यूब निघाली.

'मुळापासून'चं उत्तर आधी देऊन टाकलेलं बरं. फोड वाळले की विषाणू कमरेच्या खालच्या भागातल्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन सुप्त बसतो. तिथे लेप पोचत नाही आणि काढाही पोचत नाही. डॉक्टर देतात ते विषाणूविरोधी औषध ॲसायक्लोव्हिरसुद्धा त्याची वाढ रोखतं, त्याला हुसकावून लावत नाही. 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' असं भिंतीवर रंगवणाऱ्यांना १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे, तरी भिंती रंगतातच.

मग 'शेजारणीला काढ्याने गुण आला' असं ऐकू येतं ते कसं? पुन्हा उठलेले फोड औषधाशिवायही साधारण आठ-दहा दिवसांत वाळतात, आणि वर्षं सरतात तसे फोड पुन्हा उठण्याचे फेरेही बहुतेकांचे आपोआप विरळ होतात. त्या काळात जे काही चालू असेल, श्रेय त्याच्या पदरात पडतं.

पिशवीतली पहिली वस्तू बाहेर ठेवायला लावली ती ट्यूब. लेबलवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवस थांबते, पण त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि जखम पसरते. पिशवीतली सगळ्यात घातक वस्तू हीच होती, आणि ती ना घरगुती होती ना पर्यायी!

व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. सोललेल्या त्वचेवर ते लावलं की विषाणूच्या जखमेवर भाजल्याची जखम चढते. तुरटी, डेटॉल, लसूण, टी ट्री तेल, हळद-लिंबाचा लेप यांचंही तेच. आग झाली म्हणजे औषध 'लागू पडलं', ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. कोरफडीचं थोडं वेगळं. ०.५ टक्के कोरफडीच्या क्रीमवर लहान अभ्यास झाले आहेत आणि त्यांत जखमा लवकर भरल्या. पण गच्चीतलं पान म्हणजे ते क्रीम नव्हे. सालीखालचा पिवळा चीक त्वचेला चावतो आणि पान निर्जंतुकही नसतं.

लायसिनचा किस्सा स्वयंपाकघरापर्यंत गेला होता. प्रयोगशाळेत हा विषाणू वाढायला आर्जिनिन हा दुसरा प्रथिनघटक लागतो आणि लायसिन त्याच्या आड येतं, एवढं खरं आहे. त्यावरून आर्जिनिन भरपूर असलेले शेंगदाणे, तीळ, खोबरं, चॉकलेट बंद करायचे असा आहार निघाला. बाईंनी भाजी-आमटीतून कूट काढलं. सासूबाईंनी कारण विचारल्यावर ॲसिडिटी सांगितली. संक्रांतीला तिळगूळही टाळला, आणि त्याच पंधरवड्यात फोड आले. शरीर आर्जिनिन स्वतःच बनवतं, त्यामुळे ताटातलं कूट गेल्याने मज्जातंतूंतलं आर्जिनिन आटत नाही. लायसिनचे अभ्यास बहुतेक ओठांवरच्या हर्पिसचे आहेत. दिवसाला १ ग्रॅमपेक्षा कमी मात्रेत फायदा दिसलेला नाही, त्याहून जास्त मात्रेचे निष्कर्षही उलटसुलट आहेत. बाई घेत होत्या ५०० मिलिग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर घ्यायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नये. कूट मात्र त्याच दिवसापासून सुरू करायला सांगितलं.

गुळवेलीने काहींच्या यकृताला इजा झाल्याचं भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे, म्हणून महिनोन्‌महिने रोजचा काढा नको. नाव-घटक नसलेली भस्माची पुडी तर अजिबात नको, त्यात शिसं-पारा सापडल्याची उदाहरणं आहेत. होमिओपॅथीच्या गोळ्यांचा हर्पिसवर गुण सिद्ध झालेला नाही. त्या गोळ्यांनी शरीराचं नुकसान होत नाही, वेळेचं होतं.

आणि या आजारात खरी किंमत वेळेचीच आहे. फोड उठण्याआधी काही तास ते एक दिवस त्या जागी मुंग्या येतात, टोचतं, कधी मांडीत किंवा ढुंगणात कळ जाते. विषाणूची वाढ याच वेळी जोरात असते. या खुणेला किंवा फोड दिसल्यापासून २४ तासांच्या आत गोळी सुरू झाली तरच ती नीट काम करते. नेहमी दिला जाणारा डोस म्हणजे ॲसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ दिवस, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम दोनदा, ३ दिवस. आपला डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावा, गोळ्या पर्समध्ये ठेवाव्यात आणि सोबत भरपूर पाणी प्यावं. बाई दर वेळी आधी चार दिवस लेप-काढा करत आणि मग गोळी घेत. 'गोळीने काही होत नाही' हे मत तिथून आलं होतं.

गोळी घेतल्यावर आराम देणारे घरगुती उपाय मात्र खुशाल करावेत. दर लिटर कोमट पाण्याला दीड ते दोन सपाट चहाचे चमचे मीठ घालून टबात दहा-पंधरा मिनिटं बसावं. मीठ वाढवलं तर झोंबतं. मग न घासता मऊ कापडाने टिपून घ्यावं. लघवीला आग होत असेल तर लघवी करतानाच मगने कोमट पाणी ओतत राहावं. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते आणि जास्त झोंबते. दुखणं फार असेल तर डॉक्टरांना विचारून लिडोकेनची (बधिर करणारी) जेली पातळ लावावी, आधी आणि नंतर हात धुवावेत. कपडे सुती, सैल. लघवी अजिबातच होत नसेल, किंवा डोकं दुखून मान ताठ झाली, तर थेट दवाखाना गाठायचा.

तीन महिन्यांची नोंद ठेवायला सांगितली: पहिली मुंगी कधी आली, पाळी, ताप, झोप. आधीचा एक फेरा नवरात्रानंतरचा होता. उपवासाच्या खिचडीतल्या दाण्यांना त्यांनी दोष दिला होता. नऊ रात्री दोन-तीन वाजेपर्यंत गरबा, घामाने भिजलेले घट्ट कपडे आणि सकाळी शाळा, हे मात्र त्यांच्या हिशेबात नव्हतं. गरबा सोडायचा नाही, परत आल्यावर लगेच धुऊन कोरडे कपडे घालायचे आणि दुपारी झोप काढायची, एवढंच ठरलं.

फेरे वारंवार येत असतील तर या गोळीची रोज थोडी मात्रा घेता येते, त्याने ते ७० ते ८० टक्के कमी होतात. व्हॅलासायक्लोव्हिर रोज घेतल्याने जोडीदाराला लागण होण्याचा धोका साधारण निम्मा होतो. फोड नसतानाही विषाणू बाहेर पडू शकतो, म्हणून निरोध एरवीही वापरायचा, आणि मुंगी आल्यापासून खपल्या पडेपर्यंत संबंध नाहीत. "हे कुणाकडून आलं?" याचं उत्तर पहिल्या फोडाच्या तारखेवरून निघत नाही. विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसलेला असू शकतो, त्यामुळे नवऱ्यावर लगेच संशय घेण्यात अर्थ नाही.

खर्चाची चिंता असणाऱ्यांसाठी लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये हर्पिसच्या पहिल्या उपचाराचं लाल किट मोफत मिळतं: ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅमच्या २१ गोळ्या, दिवसाला तीन. माहितीसाठी हेल्पलाइन १०९७.

जाताना त्यांनी दबकत विचारलं, "मूल झालं तर?" होऊ द्यायला हरकत नाही. बाळाला जास्त धोका असतो तो गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईला पहिल्यांदाच लागण झाली तर. जुना हर्पिस असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगावं. ३६व्या आठवड्यापासून रोज गोळी देतात, आणि प्रसूतीच्या वेळी फोड किंवा मुंग्या असतील तर सिझेरियन करतात.