दादर (खानदेशातली रब्बी ज्वारी) आणि हरभऱ्याच्या साठवणीत निलगिरीचं तेल टाकलं तर कीड थांबते का?

थांबते, पण झाकण घट्ट बसणाऱ्या कोठीतच. गोणपाटात तेल टाकणं म्हणजे पैसे उडवणं. निलगिरीतला सिनिओल हा उडून जाणारा घटक वाफ होऊन किड्याच्या श्वासावाटे आत जातो, आणि ताग ती वाफ धरून ठेवत नाही. शिवाय सोंडकिडा दाणा कोरून आत अंडं घालतो, अळीही आतच वाढते. बाहेरचे किडे मेले तरी महिन्याभरात नवे निघतात. म्हणून आधी आपल्या खानदेशी उन्हात दादर दाताखाली कट्‌कन फुटेल इतकी वाळवा, मग कोठीत भरा. तेल दाण्यांवर ओतू नका, कापसाच्या बोळ्यावर घेऊन पुरचुंडीत वरून टांगा. (नाहीतर कळण्याच्या भाकरीलाही बामाचा वास!)

हरभऱ्याला मात्र मी निलगिरी वापरणार नाही. भुंगेरा अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवतो, त्यामुळे किलोला 5 मिली एरंडेल चोळलेलं जास्त कामाचं: अंडी गुदमरतात, वासाचीही कटकट नाही.

पेरणीसाठी ठेवलेल्या बियाण्याजवळ सुगंधी तेल ठेवू नका, उगवण कमी होऊ शकते.